फाइल सर्व्हरला एकच दार: प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

फाइल सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं आहेत. पहिलं ऑफिसच्या नेहमीच्या नेटवर्कवर. सगळ्यांचे लॅपटॉप, प्रिंटर तिथेच, आणि मागे एकदा घाईत जोडलेलं पाहुण्यांचं वायफायही तिथेच येऊन मिळतं. दुसरं कार्ड १० गिगाबिटचं. ते वेगळ्या स्विचवर आहे आणि त्या स्विचवर फक्त व्हिडिओ संपादनाचे सहा पीसी आणि बॅकअपचं मशीन. ऑफिसकडचा पत्ता १९२.१६८.१०.५, साठ्याकडचा, म्हणजे या दुसऱ्या कार्डाचा, १०.२०.०.५. काम एका ओळीचं: सांबा, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवर वाटणारा प्रोग्रॅम, फक्त साठ्याच्या कार्डावर ऐकेल, ऑफिसच्या बाजूने एसएसएच (सर्व्हरवर दुरून काम करायची वाट) तेवढं चालू राहील.

आज नुसतं बघून घेतलं. कोणते पोर्ट, म्हणजे प्रोग्रॅम ज्या क्रमांकांवर जोडणीची वाट बघतात ते, उघडे आहेत याची यादी काढली तर सांबा ०.०.०.०:४४५ आणि ०.०.०.०:१३९ वर बसलेला, आयपीव्ही६ वरही तसंच. म्हणजे कार्ड कुठलंही असो, पत्ता कुठलाही असो, सगळी दारं सताड उघडी. पाहुण्याच्या लॅपटॉपवरून ४४५ ला हाक मारली की उत्तर मिळतं.

हे का खटकतं, ते लिहून ठेवतो, कारण उद्या कोणीतरी "पासवर्ड आहे ना, मग काय बिघडतं?" असं विचारणारच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय, फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारं मालवेअर, पसरलं ते याच ४४५ पोर्टवरून. ते विंडोजचं दुखणं होतं खरं, पण त्याच महिन्यात सांबाचंही स्वतःचं भोक उघडकीला आलं. ३.५.० पासूनच्या सगळ्या आवृत्त्यांत, म्हणजे सात वर्षं, ते होतं. लिहिण्याची मुभा असलेल्या शेअरमध्ये एक लायब्ररी टाकून सर्व्हरकडून ती चालवून घेता येत असे. पासवर्ड हा आतला दरवाजा झाला. बाहेरचं फाटक कशाला उघडं ठेवायचं?

सांबात "होस्ट्स अलाव" नावाची ओळही आहे. ती नको. त्यात सांबा आधी जोडणी स्वीकारतो, मग पत्ता बघून हाकलतो. पोर्ट उघडाच दिसतो आणि अनोळखी माणसाशी पहिला संवाद सांबाच करतो. मला तो संवादच नको आहे.

४ मार्च

आधी कार्डांना नावं दिली. एन, पी, आकडा, एस, आकडा अशी जी नावं सिस्टम देते ती पीसीआय स्लॉटवरून ठरतात. उद्या आत आणखी एक कार्ड खोचलं तर आकडा सरकू शकतो आणि सेटिंगमधलं नाव हवेत राहतं. म्हणून दोन लिंक फाइली लिहिल्या, मॅक पत्त्यावरून (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) ओळख पटवली आणि ऑफिसच्या कार्डाला "लॅन०", साठ्याच्या कार्डाला "साठा०" असं नाव ठेवलं. आता लॉग वाचतानाही डोळे ताणावे लागत नाहीत.

मग सांबाच्या सेटिंग फाइलीत, ग्लोबल विभागात दोन ओळी. "इंटरफेसेस" समोर लो आणि साठा०. "बाइंड इंटरफेसेस ओन्ली" समोर यस. दुसरी ओळ विसरायची नाही. ती मुळात नो असते, आणि ती नो असेपर्यंत पहिल्या ओळीने ऐकण्याची दारं कमी होत नाहीत. पहिलीच ओळ लिहून "केलं की बंद!" म्हणणारे मी पाहिलेत. त्यांतला एक मी, काही वर्षांपूर्वीचा.

लो, म्हणजे मशीनचं स्वतःशी बोलायचं कार्ड, यादीत हवंच. साधा वापरकर्ता सर्व्हरवर स्वतःचा सांबा पासवर्ड बदलतो तेव्हा ती आज्ञा १२७.०.०.१ वर चालू असलेल्या सांबाशीच बोलायला जाते. लो वगळलं तर पासवर्ड बदलत नाही आणि संदेश असा येतो की माणूस पासवर्डमध्येच चूक शोधत बसतो.

सांबाची सेटिंग तपासणाऱ्या टेस्टपार्मने फाइल ठीक असल्याचं सांगितलं. रीलोड केलं. यादी काढली: ०.०.०.०:४४५. जैसे थे. पाच मिनिटं फाइलीत स्पेलिंग शोधलं. मग उजेड पडला: रीलोडने सेटिंग पुन्हा वाचली जातात, पण आधीच उघडून बसलेलं सॉकेट, म्हणजे ऐकण्याचं टोक, सांबा सोडत नाही. रीस्टार्ट केलं आणि यादीत फक्त १०.२०.०.५:४४५ आणि १२७.०.०.१:४४५, १३९ चंही तसंच.

राहिला एनएमबीडी, नेटबायॉस ही मशीनची नावं शोधायची जुनी पद्धत सांभाळणारा सांबाचा जोडीदार. त्याचे १३७ आणि १३८ अजून ०.०.०.० वर दिसत होते. ही चूक नाही, तो तसाच बनवलेला आहे: ब्रॉडकास्ट ऐकण्यासाठी तो सगळ्यांवर कान ठेवतो, आणि आपल्या कार्डाचं नसलेलं पाकीट आल्यावर टाकून देतो. पण आमच्याकडे नेटबायॉसची गरज कोणाला आहे? विंडोज २००० पासून फाइल शेअरिंग थेट ४४५ वर चालतं. "डिसेबल नेटबायॉस" यस केलं, "एसएमबी पोर्ट्स" समोर फक्त ४४५ ठेवला, एनएमबीडी थांबवला आणि बूटच्या यादीतूनही काढला. यादी एकदम सुटसुटीत झाली. खूश होऊन घरी.

५ मार्च

सव्वानऊला पहिला फोन. हिशेब विभागाच्या बाईंचा. "अहो, सकाळपासून एस ड्राइव्ह उघडत नाहीये." मग संपादनवाल्यांपैकी दोघांचा. मग एकाच वेळी तीन. दहाच्या आत दोन्ही ओळी बंद करून सांबा पुन्हा सगळीकडे उघडला.

संपादनवाल्यांची गोष्ट सोपी निघाली. त्यांचे पीसी साठ्याच्या स्विचवर आहेत आणि ऑफिसच्या नेटवर्कवरही, पण ड्राइव्ह जोडलाय सर्व्हरच्या नावाने, आणि नाव विचारलं की डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) देतो ऑफिसकडचा पत्ता. म्हणजे १० गिगाबिटची केबल शेजारी लोंबत असताना एवढे दिवस त्या दोघांच्या व्हिडिओ फाइली १ गिगाबिटच्या ऑफिस नेटवर्कवरून ये-जा करत होत्या. "सर्व्हर स्लो आहे" ही त्यांची जुनी तक्रार मी हार्ड डिस्कवर ढकलली होती. गप्प बसलो.

आता डीएनएसमध्ये साठ्याच्या पत्त्यासाठी वेगळं नाव केलं आणि सहाही पीसींवर ड्राइव्ह त्या नावाने पुन्हा जोडले.

दारं बंद करण्याआधी एसएमबीस्टेटस चालवायला हवं होतं. कोण कुठल्या पत्त्यावरून आत आहे, ते एका आज्ञेत दिसतं. आज चालवलं. १०.२० च्या घरातले पीसी अपेक्षितच. १९२.१६८.१० मधून हिशेबाचं एक मशीन आणि आणखी एक पत्ता, जो मला ओळखीचा वाटेना. शोधत गेलो तर जिन्याजवळचं मोठं प्रिंटर-स्कॅनर. त्याच्या पॅनेलवर बटणं आहेत. बटण दाबलं की स्कॅन केलेला कागद थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये पडतो. हे कोणी आणि कधी करून ठेवलं, कुठेच लिहिलेलं नाही.

ठरलं असं: हिशेबाचे कागद आणि स्कॅनचं फोल्डर यांचा त्या जड साठ्याशी काही संबंध नाही. दोन्ही एका छोट्या वेगळ्या मशीनवर हलवायचे, ते ऑफिसच्या नेटवर्कवर राहील. स्कॅनरसाठी या सर्व्हरला अपवाद करायचा नाही. एक अपवाद केला की पुढचा मागणारा तयारच असतो.

६ मार्च

हलवाहलव. दोन्ही फोल्डर गेले, हिशेबाच्या मशीनवर ड्राइव्ह बदलला, स्कॅनरचं बटण नव्या पत्त्यावर वळवलं, एक कागद स्कॅन करून पाहिला. संध्याकाळी एसएमबीस्टेटसमध्ये ऑफिसच्या बाजूचा एकही पत्ता नाही. मग दोन्ही ओळी पुन्हा लागू, रीस्टार्ट.

७ मार्च

आज कोणाचाही फोन नाही. माझ्या लॅपटॉपवरून, ऑफिसच्या नेटवर्कवर बसून, १९२.१६८.१०.५ च्या ४४५ ला जोडून पाहिलं: जोडणी नाकारली. प्रकल्प संपला असं लिहायच्या बेतात होतो.

सहकारी मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "तू ऑफिसचा पत्ता विचारतोयस. साठ्याचा पत्ता विचार ना."

"तो इथून दिसणारच नाही. वेगळा स्विच आहे."

"रूट टाक आणि बघ."

टाकला. लॅपटॉपला सांगितलं की १०.२०.०.५ कडे जायचं असेल तर १९२.१६८.१०.५ च्या हातात पाकीट दे. मग १०.२०.०.५ च्या ४४५ ला हाक मारली. जोडलं गेलं. शेअरची यादी मागितली, तीही आली. सर्व्हरवर लॅन० वर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारी आज्ञा) लावला तर पाकिटं डोळ्यांसमोर त्याच ऑफिसच्या कार्डावरून आत शिरत होती आणि त्याच कार्डावरून उत्तरं बाहेर पडत होती. उत्तरावर पाठवणाऱ्याचा पत्ता १०.२०.०.५. साठ्याच्या केबलवर या संवादाची चाहूलसुद्धा नाही.

माझी पहिली शंका: सर्व्हर राउटरगिरी करतोय का? आयपी फॉरवर्डिंग तपासलं, शून्य होतं. आणि ते शून्य असून उपयोग नव्हता, कारण इथे पाकीट पुढे कुठे पाठवायचंच नाही. ते ज्याच्या नावाने आलं तो पत्ता याच मशीनचा. फॉरवर्डिंगचा प्रश्न येतो दुसऱ्याच्या पाकिटाला.

दुसरी शंका: आरपी फिल्टर. तो कडक करून पाहिला, फरक शून्य. तो बघतो पाठवणाऱ्याचा पत्ता, म्हणजे "या पत्त्याला उत्तर द्यायचं तर मी याच कार्डावरून देईन का?" माझा लॅपटॉप ऑफिसच्या घरातला आणि पाकीट ऑफिसच्या कार्डावरून आलेलं. तक्रारीला जागाच नाही.

खरी गोष्ट अशी. लिनक्सच्या दृष्टीने आयपी पत्ता कार्डाचा नसतो, मशीनचा असतो. कुठल्याही कार्डावरून पाकीट येवो, त्यावरचा पत्ता मशीनच्या कुठल्याही कार्डावर लावलेला असला की लिनक्स ते आपलं म्हणून आत घेतो. ही पळवाट नाही, ठरवून केलेली निवड आहे. ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात या आणि याच्या उलट अशा दोन्ही वागणुकींची चर्चा आहे, सैल यजमान आणि कडक यजमान, आणि दोन्हींना मुभा आहे. लिनक्स सैल. विंडोज व्हिस्टापासून मुळात कडक.

म्हणजे सांबाच्या त्या ओळीत मी कार्डाचं नाव लिहिलं तरी सांबा काय करतो? त्या कार्डावरचा पत्ता काढतो आणि सॉकेट त्या पत्त्याला बांधतो. कार्डाला नाही. सॉकेट खरोखर कार्डाला जखडायचा वेगळा पर्याय लिनक्समध्ये आहे, पण ही ओळ तो वापरत नाही. "बाइंड इंटरफेसेस ओन्ली" हे नाव वाचून मी जे समजलो ते नावात होतं, कामात नव्हतं.

एआरपीचंही, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारण्याचंही, तेच. रूट न टाकता, लॅपटॉपला फक्त १०.२० च्या घरातला आणखी एक पत्ता लावून पाहिला. "१०.२०.०.५ कोण?" असं ऑफिसच्या केबलवर विचारलं तर सर्व्हरने लॅन० वरून हात वर केला आणि त्या कार्डाचा मॅक पत्ता देऊन मोकळा झाला. वेगळा स्विच घेतला तेव्हा मला वाटलं होतं की दोन घरांच्या मध्ये भिंत आहे. भिंत होती, फक्त सर्व्हर जिथे उभा आहे तिथे खिंडार होतं.

८ मार्च

एआरपी इग्नोर १ केला. आता ज्या कार्डावर विचारणा येते त्याच कार्डावरच्या पत्त्याबद्दल सर्व्हर बोलतो. पण रूट टाकणाऱ्याला याने काही अडत नाही, तो एआरपी ऑफिसच्याच पत्त्यासाठी करतो. खरं काम फायरवॉलचं.

एनएफटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, आयनेट प्रकारचा टेबल घेतला, म्हणजे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींना एकच नियम पुरतो. इनपुट साखळीत: पाकीट लो किंवा साठा० सोडून दुसऱ्या कुठल्याही कार्डावरून आलं असेल आणि त्याला टीसीपी १३९ किंवा ४४५ हवा असेल, तर मोजा आणि टाकून द्या. मोजणी मुद्दाम ठेवली. कोण अजून दार ठोठावतंय, ते पुढे कळेल.

कार्ड ओळखायचे दोन शब्द आहेत, आयआयएफ आणि आयआयएफनेम. पहिला कार्डाचा क्रमांक बघतो, म्हणून जलद, पण नियम चढवायच्या वेळी ते कार्ड हजर नसेल तर सगळी फाइलच चढत नाही. दुसरा प्रत्येक पाकिटाला नाव ताडून बघतो. बूटच्या वेळी कार्ड उशिरा आलं म्हणून फायरवॉल कोरी राहण्यापेक्षा तेवढा वेळ गेलेला परवडला.

लॅपटॉपवरून तीनही वाटा पुन्हा चालून पाहिल्या: ऑफिसचा पत्ता, रूट टाकून साठ्याचा पत्ता, जास्तीचा पत्ता लावून. तिन्ही बंद. सांबाच्या ओळी काढल्या नाहीत. फायरवॉलची फाइल उद्या कोणी चुकून कोरी केली तर निदान सरळ वाट तरी बंदच राहील.

१२ मार्च

रात्री वीज गेली होती. सकाळी सर्व्हर चालू, एसएसएच चालू, पण संपादनाच्या एकाही पीसीवर ड्राइव्ह नाही. यादी काढली: सांबा फक्त १२७.०.०.१:४४५ वर. स्वतःशीच बोलत बसलेला.

लॉग लावून पाहिला. वीज आल्यावर सर्व्हर आधी उठला, साठ्याचा मोठा स्विच मात्र आपली तपासणी करत निवांत उठतो. तोवर साठा० ला कॅरिअर नाही, म्हणजे केबलच्या दुसऱ्या टोकाला जिवंत काही नाही. आणि कॅरिअर नसेल तर सिस्टमडी-नेटवर्कडी (कार्डांची मांडणी करणारी सेवा) त्या कार्डावर पत्ता लावतच नाही, पत्ता कायमचा लिहून दिलेला असला तरी. सांबा उठला, यादीतल्या कार्डांवर पत्ते शोधले, लो चा सापडला, साठा० चा नाही, सापडला तेवढ्यावर कामाला लागला. तीन मिनिटांनी स्विच उठला, पत्ता लागला, पण सांबाने मागे वळून पाहिलं नाही. ०.०.०.० वर असता तर हे कधीच घडलं नसतं.

पण सांबा नेटवर्क तयार होईपर्यंत थांबतो ना? थांबतो. मीच त्याला थांबू दिलं नव्हतं. साठ्याची केबल लावायच्या आधी बूट दोन मिनिटं अडकायचं, म्हणून मी कधीतरी साठा० च्या फाइलीत "रिक्वायर्ड फॉर ऑनलाइन" समोर नो लिहून टाकलं होतं आणि विसरलो होतो. त्यामुळे लॅन० ला पत्ता मिळाला की नेटवर्क तयार, साठा० कुठे का असेना.

दोन बदल केले. साठा० साठी "कॉन्फिगर विदाउट कॅरिअर" यस, म्हणजे समोर स्विच मेलेला असला तरी पत्ता लागतो. आणि "रिक्वायर्ड फॉर ऑनलाइन" समोर नो ऐवजी "नो-कॅरिअर", म्हणजे कार्डाची मांडणी होईपर्यंत थांब, पण केबल जिवंत व्हायची वाट पाहू नको.

संध्याकाळी सगळ्यांना सांगून साठ्याची केबल उपटली आणि सर्व्हर रीबूट केला. उठल्यावर यादीत १०.२०.०.५:४४५ होता. केबल लावली, चार सेकंदांत पीसीवर ड्राइव्ह उघडला. पुन्हा एकदा, आता केबल लावून, रीबूट. तेही ठीक.

१४ मार्च

ऑफिसमधून तक्रार: नेटवर्कच्या यादीत सर्व्हर दिसतो, त्यावर क्लिक केलं की खिडकी गोठते.

दिसतो कारण ओळख सांगणारे वेगळेच प्रोग्रॅम आहेत. मॅकसाठी अवाही, यूडीपी ५३५३ वर. विंडोजसाठी डब्ल्यूएसडीडी, यूडीपी ३७०२ वर. दोघांना सांबाची सेटिंग वाचायची सवय नाही. दुकानाला कुलूप, पण पाटीवर दिवा. अवाहीच्या फाइलीत "अलाव इंटरफेसेस" समोर साठा०, डब्ल्यूएसडीडीला चालवताना तेच कार्ड दिलं.

गोठतो तो माझ्या नियमामुळे. पाकीट गुपचूप टाकून दिलं की समोरचा उत्तराची वाट बघत राहतो. आतल्या नेटवर्कवर अशी लपाछपी कशाला? नियमात टाकून द्या ऐवजी टीसीपी रीसेटने नाकारा असं केलं. आता क्लिक केलं की लगेच चूक दिसते.

१७ मार्च

बॅकअपचं मशीन एनएफएस, म्हणजे फाइली वाटायची दुसरी पद्धत, वापरतं, तेही याच सर्व्हरवरून. त्याचं दारही तसंच उघडं होतं. एनएफएसच्या फाइलीत एनएफएसडी विभागात होस्ट म्हणून साठ्याचा पत्ता, आवृत्ती ३ बंद. फक्त आवृत्ती ४ ठेवली की एकटा २०४९ पुरतो. यादीत २०४९ समोर कुठल्याच प्रोग्रॅमचं नाव दिसत नाही म्हणून दचकायचं नाही, तो कर्नलच्या आतच चालतो.

१११ चा आरपीसीबाइंड, आवृत्ती ३ ला लागणारा मदतनीस, मात्र जाईना. सेवा थांबवली तरी पोर्ट उघडा. कारण तो पोर्ट सिस्टमडीने स्वतः धरून ठेवलेला असतो, कोणी हाक मारली की सेवेला उठवतो. सेवा आणि सॉकेट दोन्ही मास्क केले, म्हणजे कोणालाच उठवता येणार नाही असे बंद केले, तेव्हा गेला. फायरवॉलच्या नियमात २०४९ जोडला. रात्रीचा बॅकअप व्यवस्थित.

२० मार्च

फायरवॉलचा आकडा पाहिला. ८ तारखेपासून शेकड्यांत पाकिटं नाकारली गेलीत. त्यांतली बरीचशी माझ्याच चाचण्यांची आणि १४ तारखेआधीच्या क्लिकांची, पण आज सकाळपासून आकडा नऊने वाढला होता आणि मी काही केलं नव्हतं. लॅन० वर ४४५ साठी टीसीपीडंप लावून ठेवला. अकराच्या सुमारास तीन पाकिटं, पत्ता स्कॅनरचा.

खाली गेलो. पॅनेलवर स्कॅनची तीन बटणं आहेत. मी ६ तारखेला पहिलंच बदललं होतं. तिसऱ्या बटणावर अजून जुना पत्ता. दाबलं की "पाठवत आहे" असं येतं, मग काहीही न सांगता मूळ पडदा. ज्यांना ते बटण दाबायची सवय होती, ते दोन आठवडे कागद पुन्हा पहिल्या बटणाने स्कॅन करत होते आणि स्कॅनरला नावं ठेवत होते. मला एकानेही फोन केला नव्हता.

तिसरं बटण नव्या मशीनकडे वळवलं. दुसरं बटण कोणाचंच नव्हतं, काढून टाकलं. आकडा शून्यावर आणला. सहा वाजता पाहिला, शून्यच होता.